पट्टीची परीक्षा सोडताना

(राजा सरफोजी यांच्या स्मरणार्थ तंजावर राजवाडा परिसरात दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



सरफोजी राजांच्या नावाने व्याख्यान म्हटले की ग्रंथ, संगीत, मोडी कागद हे विषय ओघाने येतात. माझा त्यांतल्या कशातही अधिकार नाही. मी चौतीस वर्षे महाराष्ट्रातल्या एका सरकारी इस्पितळाच्या सर्जिकल वॉर्डात जखमा धुतल्या आणि पट्ट्या बांधल्या. तेव्हा जे हातांना येते त्यावरच बोलेन. जखम धुवावी कशी आणि तिच्यावर पट्टी निवडावी कशी, एवढाच आजचा विषय. माझे म्हणणे एका वाक्यात मावते: पट्टीची खरी परीक्षा ती बांधताना होत नाही, सोडताना होते.

हा विषय या आवारात परका नाही. सरफोजी १७९८ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. किल्ला आणि राजवाडा तेवढा राजांकडे राहिला. सत्ता गेलेल्या राजाने उरलेल्या हयातीत काय करावे? या राजाने पुस्तके जमवली, देवनागरी छापखाना काढला, शाळा चालवल्या आणि धन्वंतरी महाल उभा केला. त्या महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारी माणसे एकत्र काम करीत. औषध रोग्याला देऊन बघायचे आणि गुण आला तर त्याची नोंद ठेवायची, अशी तिथली रीत. अनुभवाला उतरलेले हे उपचार राजवाड्यातल्या कवींनी तमिळ पद्यात बांधले, तेच 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने आज सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलेले आहेत. डोळ्यांच्या रोग्यांची तर चित्रांसह टिपणे ठेवली गेली: उपचाराआधी डोळा कसा होता, नंतर कसा दिसला.

१८०१ साली राजांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांना आपल्या छत्रांविषयी, म्हणजे यात्रेकरूंसाठीच्या धर्मशाळांविषयी, एक पत्र लिहिले. छत्रात उतरलेला वाटसरू आजारी पडला तर बरा होईपर्यंत त्याची काळजी घेतली जाते आणि रोग, सूज, सर्पविष यांवर इलाज करणारे वैद्य तिथे नेमलेले असतात, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. रामेश्वरच्या वाटेवर अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायाला काय काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ठेच, काटा, फोड, चिघळलेली टाच. हा पाय धुणारे हात या मुलखात पिढ्यानपिढ्या होते, असे मी धरून चालते.

आता माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट. ऊसतोडीला आलेला एक माणूस वॉर्डात होता. कोयता निसटून नडगीवर बसलेला. जखम चांगली भरत होती. मी ट्रॉली घेऊन गेले, वरचे बँडेज सोडले आणि आतले गॉज चिमट्यात धरून ओढले. ते वाळून जखमेला धरले होते. तो माणूस ओरडला नाही. त्याने खाटेचा लोखंडी कठडा धरला आणि त्याची बोटे पांढरी पडली. गॉज निघाले. गॉजच्या मागच्या बाजूला लाल दाण्यांसारखे ताजे रक्ताचे ठिपके होते. मला वाटले, झाली जखम साफ. मागे उभ्या असलेल्या वॉर्डातल्या मावशी हळूच म्हणाल्या, "बाई, आधी भिजवा की. आठ दिवसांचं आलेलं उपटलंत."

मावशींना लिहिता येत नव्हते. पण त्या ठिपक्यांचा अर्थ त्यांना कळत होता. जखमेच्या तळाशी नवे मांस येते तेव्हा ते बारीक लाल दाण्यांसारखे दिसते. प्रत्येक दाण्यात नव्या रक्तवाहिनीचा कोवळा वेढा असतो. कोरडे गॉज त्या दाण्यांमध्ये मूळ धरते. ते ओढले की घाण निघतेच, आणि तिच्याबरोबर उगवलेले पीकही निघते. पुस्तकात याला 'ओले ठेवून कोरडे काढणे' म्हणत आणि कित्येक वर्षे तीच शिस्त म्हणून शिकवली जाई. सडके मांस काढण्यापुरती ती चालते. भरत्या जखमेवर ती रोजची मोडतोड आहे.

मावशींनी मला जे शिकवले ते आपल्या परंपरेत किती मागे जाते, ते पुढे वाचनातून कळले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अठरावा अध्याय लेप आणि पट्ट्या यांवरच आहे. बंधांचे चौदा प्रकार, प्रत्येक अवयवाला कोणता शोभतो ते, आणि कोणता घट्ट, कोणता मध्यम, कोणता सैल. साहित्याची यादी तर एखाद्या वखारीसारखी आहे: जवसाच्या धाग्याचे कापड, सूत, लोकर, रेशीम, कातडे, झाडाची आतली साल, दुधी भोपळ्याच्या कवचाचा तुकडा, दोरी, वेल. ऋतूप्रमाणे पट्टी किती दिवसांनी बदलायची तेही आहे. भाजलेल्या जखमा आणि मधुमेह्यांच्या पिडका यांवर पट्टी बांधू नये, असेही आहे.

पण मला त्यातल्या दोन गोष्टी सर्वांत मोलाच्या वाटतात. एक म्हणजे लेप जखमेवर वाळू देऊ नये. वाळलेला लेप काम करत नाही आणि वर दुखवतो. दुसरी गोष्ट जखमेत ठेवायच्या औषधी वातीविषयी. ती फार स्निग्ध असेल तर जखम चिघळते, फार कोरडी असेल तर चिरते, आणि नीट बसली नाही तर जखमेच्या कडा घासते. नर्सिंगच्या मुलींनो, ड्रेसिंग निवडण्याचे सगळे शास्त्र या तीन दोषांत आलेले आहे. फार ओले नको, फार कोरडे नको, आणि घासणारे नको.

आता एक हकिकत तपशिलाने सांगते. तिच्यात पट्टीचा असा वापर आहे की वाचताना मी खुर्चीतून उठले होते. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कवासजी नावाचा माणूस १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये ती चित्रासह छापून आली. छापील हकिकतीत कवासजीचे नाव आहे, नाक करणाऱ्याचे नाही.

मेणाची पातळ पट्टी नाकाच्या मापाची करून कपाळावर सपाट ठेवली, तिच्याभोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि भुवयांच्या मधला एक देठ तसाच ठेवून ती खाली वळवून नाकावर बसवली. यावर जगभर लिहिले गेले आहे. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४ साली हीच रीत वापरली आणि आजच्या प्लास्टिक सर्जरीचा एक मोठा धागा तिथून निघतो. माझे लक्ष मात्र कापण्याकडे नाही. त्याने त्यावर काय बांधले, ते मी पाहते.

त्याने कात पाण्यात कालवला, कापडाच्या चिंध्यांना फासला आणि अशा पाच-सहा चिंध्या जोडावर एकावर एक बसवल्या. आपल्या विड्यातला कात. तो तुरट असतो, कातडी आवळतो, रक्त थांबवतो आणि वाळला की कापडासह कडक साच्यासारखा बसतो. जोड हलू नये यासाठी हाच लेप, हीच पट्टी, हाच टाका. चार दिवस दुसरे काही नाही. चार दिवसांनी ते काढले आणि मग तुपात भिजवलेल्या कापडाच्या घड्या ठेवल्या. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कपाळाचा देठ कापला.

नीट पाहा. पहिल्या चार दिवसांत जोडाला आधार हवा होता म्हणून त्याने कडक, चिकटणारी पट्टी निवडली. जोड धरल्यावर गरज बदलली. नव्या कातडीला ओलावा आणि न चिकटणारे आवरण हवे होते, तेव्हा त्याने तूप निवडले. एकाच जखमेवर एकाच माणसाने दोन टप्प्यांवर दोन वेगळ्या पट्ट्या लावल्या. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ऑगस्त ल्युमिए यांनी जाळीदार कापडाला व्हॅसलीनसारखे स्निग्ध द्रव्य लावून न चिकटणारी पट्टी केली. सिनेमा जन्माला घालणाऱ्या दोन भावांपैकी हे एक. आज इस्पितळात पॅराफिन गॉजचे जे पाकीट आपण फोडतो, ते याच कुळातले. पुण्याजवळच्या त्या विटा पाडणाऱ्याच्या घरी हे तत्त्व तुपाच्या रूपात सव्वाशे वर्षे आधी वापरात होते. तो हे करत होता त्या सुमारास आपले सरफोजी पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि तंजावर सोडून मद्रासेत शिकत होते.

जखमेला ओलावा का हवा, याचे उत्तर १९६२ साली मिळाले. जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर सारख्या उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काही पातळ फिल्मने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण साधे होते. उघड्या जखमेवर खपली धरते, आणि कडेने येणाऱ्या नव्या पेशींना त्या खपलीच्या खालून वाट कोरत जावे लागते. ओल्या जागेवर त्या सरळ सरकतात. तुमच्या कावेरीच्या खोऱ्यातला शेतकरी हे एका क्षणात समजेल. भाताचे रोप भेगाळलेल्या जमिनीत रुजत नाही, आणि तुंबलेल्या पाण्यात बुडून राहिले तर कुजते. चिखल हवा, पण त्याला निचरा हवा. जखमेचेही तसेच. म्हणून "उघडी ठेवा, हवा लागू द्या, खपली धरू द्या" हा आपल्या घराघरांतला सल्ला आता मागे घेतला पाहिजे.

पट्टीच्या आधी धुणे येते. धुण्यासारखे औषध नाही आणि त्याच्याइतके दुर्लक्षही दुसऱ्या कशाचे होत नाही. ताजी, साधी जखम पिण्याजोग्या नळाच्या वाहत्या पाण्याने धुवा. अशी जखम नळाच्या पाण्याने धुतली काय किंवा निर्जंतुक सलाईनने धुतली काय, संसर्गात फरक पडत नाही, हे अनेक चाचण्या एकत्र मांडल्यावर दिसले आहे. सलाईन म्हणजे तरी काय, एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. पाणी भरपूर हवे आणि त्याला थोडा जोर हवा, म्हणजे माती, काचेची कणी, मेलेले मांस सुटून जाते. फेस येणारे हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, न मिसळलेले जंतुनाशक हे उघड्या मांसावर ओतू नका. जंतू मारताना ती नव्या पेशीही मारतात. फेस आला म्हणजे साफ झाले, हा डोळ्यांचा भ्रम आहे.

कुत्रा चावला तर साबणाने आणि पाण्याने १५ मिनिटे, घड्याळ लावून, आणि मग त्याच दिवशी रेबीजची लस. भाजले तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. गंजलेले, मातीतले काही लागले तर धनुर्वाताचे इंजेक्शन. एवढे तीन नियम घरच्या दारावर चिकटवून ठेवण्यासारखे आहेत.

घरगुती वस्तूंविषयी मला प्रेमाने पण स्पष्ट बोलायचे आहे. आमच्याकडे रक्त आले की हळद किंवा चहापूड दाबतात; इकडे कॉफीपूड दाबतात. रक्त थांबते ते बरेचसे दाबल्यामुळे. स्वच्छ कापडाने न सोडता दहा मिनिटे दाबले तरी ते थांबेल. पूड जखमेत राहते, आणि दुसऱ्या दिवशी तीच पूड कणाकणाने काढत रडणाऱ्या लेकराला मी धरलेले आहे. बांधावरचे पिवळ्या फुलांचे एक तण आमच्याकडे दगडी पाला किंवा कंबरमोडी म्हणून ओळखले जाते. शेतकरी त्याची पाने चुरगळून कापल्यावर लावतो. तुमच्या तमिळमध्ये त्याचे नावच 'वेट्टुक्काय पूंडु', म्हणजे कापल्याच्या जखमेचे झाड. दोन भाषांतल्या शेतकऱ्यांनी एकाच पानावर विश्वास टाकला, यात काही अनुभव नक्की आहे. पण बांधावरचे पान बांधावरची मातीही घेऊन येते. म्हणून आधी धुवा, आणि जखम खोल असेल तर पाला सोडा, दवाखाना गाठा.

मग पट्टी कोणती? जखमेला तीन प्रश्न विचारा. पहिला: तुझा रंग कोणता? लाल असेल तर ती भरते आहे. तिला फक्त झाका आणि त्रास देऊ नका, पॅराफिन गॉज पुरते. पिवळसर, चिकट थर असेल तर तो निघायला हवा. काळी, कोरडी कातडी असेल तर साधारणपणे तिला ओलावा देणारे जेल लागते. पण पायाच्या बोटाला रक्तच पोचत नसल्यामुळे ते वाळून काळे पडले असेल, तर ते भिजवू नका, कोरडेच ठेवा आणि आधी रक्ताची वाट तपासायला पाठवा. दुसरा प्रश्न: लस किती वाहते? भरपूर वाहत असेल तर शोषणारी पट्टी, समुद्री शेवाळापासून केलेली अल्जिनेट किंवा फोम. थोडी वाहत असेल तर ओलावा धरून ठेवणारी. तिसरा प्रश्न: तू का भरत नाहीस? याचे उत्तर बहुधा पट्टीत नसते. साखर वाढलेली असते, पोटात अन्न कमी असते, किंवा त्याच जागेवर रोज भार पडत असतो.

या तिसऱ्या प्रश्नाला तमिळनाडूने जगाला उत्तर दिले आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या तळपायांच्या जखमांवर काम करीत होते. मांस आपोआप झडत नाही, संवेदना गेल्यामुळे माणूस त्याच जखमेवर चालत राहतो, हे त्यांनी दाखवले. त्यांनी पायाला प्लास्टर घालून भार वाटून दिला, मऊ रबराच्या चपला केल्या, आणि वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमा भरल्या. आज मधुमेहाच्या पायाला हेच लागू आहे. तळपायाला जखम झालेल्या माणसाला महागडी पट्टी बांधून बसस्टँडपर्यंत चालत पाठवणे म्हणजे ती पट्टी वाया घालवणे.

महागडी म्हटले म्हणून शेवटचे उदाहरण. भाजलेल्या माणसाचे अर्धे अंग उघडे असते, आणि तेवढ्या पट्ट्या गरिबाला परवडत नाहीत. मुंबईत डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर चिकटवून भाजलेल्या जखमांवर वापरल्या; १९८५ साली त्याचा अहवाल छापला. पुढे मुंबईच्याच सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान घेतले. पान कापडावर चिकटवायचे, गुंडाळी करून वाफेवर निर्जंतुक करायचे आणि जखमेवर पसरायचे. पानाला मेणाचा पातळ लेप असतो, त्यामुळे ते चिकटत नाही. त्यांच्या तुलनेत, २००३ साली छापलेल्या, केळीचे पान बटाट्याच्या सालीइतकेच उपयोगी ठरले आणि तयार करायला तिच्याहून सोपे आणि कितीतरी स्वस्त. कातडी काढलेल्या जागेवर व्हॅसलीन गॉजशी तुलना केली, तेव्हा पान सोडताना रोग्याला दुखले नाही.

मी हे पहिल्यांदा वापरले तेव्हाचे आठवते. स्टोव्हने भाजलेल्या एक बाई होत्या. पट्टी बदलायची वेळ झाली की त्या सकाळपासून जेवत नसत. त्या दिवशी मी पान उचलले. ते तापवल्यामुळे काळपट हिरवे झाले होते, आणि पाणी सोडल्यासारखे अलगद सुटून आले. खाली जखम गुलाबी, ओली, न दुखावलेली होती. बाईंनी डोळे घट्ट मिटलेले होते. त्या म्हणाल्या, "काढा आता सिस्टर." मी म्हटले, "काढलं." त्यांनी एक डोळा उघडला, पाहिले आणि रडू लागल्या. त्या दुपारी त्या जेवल्या. ज्या तंजावरात पंगतीला केळीच्या पानाशिवाय जेवण वाढले जात नाही, तिथे हे सांगताना मला विशेष वाटते.

मुलींनो, आता तुमच्याकडे एक मागणे आहे. ड्रेसिंगच्या रजिस्टरात आपण काय लिहितो? तारीख, खाट नंबर, 'ड्रेसिंग केले', सही. सोडताना काय दिसले, ते लिहीत नाही. पट्टी सहज सुटली की भिजवावी लागली? मागच्या बाजूला रक्त होते का? वास कसा होता? लाल किती, पिवळे किती, कालच्यापेक्षा लांबी-रुंदी कमी झाली का? रोग्याने कठडा धरला का? या पाच ओळी लिहायला दोन मिनिटे लागतात. त्या नसतील तर उद्याची पट्टी सवयीने निवडली जाते. त्या असतील तर उद्याची पट्टी जखमच निवडते.

दोनशे वर्षांपूर्वी याच राजवाड्यात एका राजाने माणसे बसवली आणि आजाऱ्याचा डोळा आधी कसा होता, नंतर कसा झाला ते लिहून, रंगवून ठेवले. राज्य गेले होते, फौज नव्हती. तरी इलाज केल्यानंतर काय झाले हे पाहण्याची आणि ते न लपवता कागदावर उतरवण्याची शिस्त त्याने सोडली नाही. माझ्या मते त्याचे खरे स्मारक ती शिस्त आहे. उद्या सकाळी तुमच्या वॉर्डात पहिली पट्टी सोडाल तेव्हा आधी ती भिजवा. मग उचला, उलटी करा, तिची मागची बाजू पाहा. आणि जे दिसेल ते लिहा.